जीप नाचते, त्याला बाई जबाबदार नाही

ती पहिल्यांदा नाचली तेव्हा मी हसत सुटले. धुळ्याहून जळगावकडे येत होते. पारोळा मागे पडलं होतं, उन्हं कलली होती, रस्ता मोकळा होता आणि मी मजेत होते. एका फालतू खड्ड्यावरून पुढचं डावं चाक गेलं. एवढंच. लगेच स्टेअरिंग माझ्या हातात डावं-उजवं, डावं-उजवं असं थडथडायला लागलं. मडगार्डं वाजायला लागली, बॉनेटवर बांधलेला चळवळीचा झेंडा फडफडण्याऐवजी कापायला लागला, आणि शेजारी बसलेल्या अक्कांचा आवाज तुकड्यातुकड्यांनी यायला लागला, "थां-बा-ड, वं, थां-बा-ड."

मी पाय उचलला. वेग उतरला आणि जीप एकदम शहाणी झाली. जसं काही घडलंच नाही. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उतरलो, बाभळीखाली उभ्या राहिलो, एकमेकींकडे पाहिलं आणि पोट दुखेपर्यंत हसलो. अक्का हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या आणि मला शिव्या देत होत्या.

हसणं तिथेच संपायला हवं होतं. संपलं नाही, कारण पुढे त्या नाचावरून माझ्यावर खटला भरला गेला. त्या खटल्याची ही हकीगत आहे. आरोपी मीच होते, त्यामुळे निःपक्षपातीपणाची अपेक्षा कुणी ठेवू नये.

आमची चळवळ पाण्याची. कचेरी जळगावात, काम निम्मं धुळे जिल्ह्यात. जीप आम्ही सरकारी लिलावातून घेतली होती. फोर-व्हील, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद जाणारी. गिअरशेजारचा दुसरा दांडा ओढला की नदीच्या कोरड्या वाळूतून, सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यांतून ती म्हशीसारखी शांत वर यायची. मला ती फार आवडायची. मी पूर्णवेळ कार्यकर्ती होते. पत्रकं लिहायचे, ती छापून आणायचे, वाटायचे आणि जीप चालवायचे. चालवायला शिकले वडिलांच्या ट्रॅक्टरवर, केळीच्या बागेच्या बांधांवरून. पुढे रीतसर लायसन काढलं. आरटीओतल्या साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की चारचाकीचंच हवंय का. मी म्हटलं, आठ चाकांचं असेल तर तेही द्या.

चळवळीत जीप चालवणारे आम्ही दोघंच. मी आणि भाऊ. भाऊ आमचे सचिव, निवृत्त शिक्षक, स्वच्छ माणूस, खादीचा सदरा, काळ्या काड्यांचा चष्मा. आमच्या जाहीरनाम्यातला स्त्री-पुरुष समानतेचा परिच्छेद त्यांनीच लिहिलेला, आणि मनापासून लिहिलेला. अडचण एकच होती. भाऊंच्या हातात जीप कधीच नाचली नाही. माझ्या हातात नाचत होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

समितीची बैठक बसली. समितीत सगळे पुरुष, आणि कोपऱ्यात अक्का. अक्का मूळच्या शिंदखेड्याकडच्या. गावोगावच्या बायका त्यांच्या शब्दावर जमायच्या, म्हणून समितीत त्यांना जागा होती, आणि बोलायची वेळ आली की चहा आणायला उठायचीही मुभा होती. बैठकीत एकाने सांगितलं की पोरगी वेगात मारत असेल. दुसरा म्हणाला, चुकून फोर-व्हीलचा दांडा ओढून ठेवत असेल. तिसरा तर म्हणाला की ती गाणी म्हणत चालवते, लक्ष नसतं. मी गाणी म्हणते हे खरं आहे. गाण्याने चाकं हलत नाहीत.

शेवटी भाऊ बोलले. ते नेहमी शेवटी आणि हळू बोलायचे, त्यामुळे त्यांचं बोलणं निकालासारखं वाटायचं.

"स्टेअरिंगला पकड लागते. बाईच्या मनगटात ती नसते. यात कमीपणा काही नाही."

कमीपणा काही नाही. हे वाक्य या देशात किती जणींना किती दारांबाहेर ठेवायला वापरलं गेलं असेल याचा कुणी तरी हिशेब मांडायला हवा. मी उठले आणि पाच मिनिटं बोलले. पत्रकात शोभावं असं बोलले. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ठराव केला. शिंदखेड्याची सभा जवळ आली आहे, तोवर गाडी नीट तपासून घ्यावी. गाडीत दोष नाही असं ठरलं आणि जीप तरीही नाचत राहिली, तर सभेपासून पगारी ड्रायव्हर ठेवावा, किल्ली त्याच्याकडे द्यावी, आणि मी पत्रकं लिहावीत, कारण ती मी छान लिहिते.

म्हणजे प्रश्न साफ होता. दोष जीपच्या पुढच्या चाकांच्या दांड्यात होता की माझ्या मनगटात. उत्तर सभेच्या आत हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जीप नशिराबादला हायवेवरच्या गॅरेजात नेली. गॅरेजवाले नाना म्हणजे मोठं प्रस्थ. मिशा पिळलेल्या, आवाज असा की समोरून जाणारा ट्रकवाला वळून बघायचा. त्यांच्या मते खानदेशातल्या निम्म्या गाड्या त्यांच्यामुळे चालत होत्या आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्याकडे न आल्यामुळे बंद होत्या. पण काम मन लावून करायचे, हे म्हटलं पाहिजे. पुढचं चाक जॅकवर उचललं, वरून-खालून धरून हलवलं. कट कट वाजलं. नानांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं आणि समजावलं की चाक ज्या खिळ्यावर वळतं तो किंगपिन ढिला झालाय. मग डावी-उजवीकडून धरून हलवलं. तिथेही थोडी ढिलाई निघाली, दोन्ही चाकं जोडणाऱ्या टायरॉडच्या टोकांची. किंगपिनखालच्या पातळ चकत्या काढून त्यांनी तो आवळला, टायरॉडला नवी टोकं बसवली. चाक वळवायला किती जोर लागतो ते मोजायला शेजारच्या कापूसवाल्याचा आकड्याचा काटा मागून आणला, चाकाच्या दांडीला अडकवला आणि ओढला. कापसाच्या गाठोड्यांचा तो काटा जीपच्या तंगड्या मोजत होता हे बघून मला पुन्हा हसू फुटलं. नानांना ते आवडलं नाही.

मग ट्रायल. आमच्याकडे गॅरेजातून दुरुस्त झालेली गाडी ट्रायलला निघाली की ती रिकामी जात नाही. तशी पद्धतच नाही. नानांनी सेल्फ मारला रे मारला की वेल्डिंगवाला मागे चढला, पंक्चरवाला चढला, चहावाला किटली घेऊन चढला, आणि एसटीची वाट बघणारी दोन कुटुंबं आपापल्या पिशव्यांसकट चढली, कारण जीप जळगावच्या बाजूला जाते आहे. मी पुढे बसले. नानांनी खड्डे शोधून शोधून त्यावरून गाडी नेली. जीप लोण्यासारखी. एक थरथर नाही.

परत आल्यावर नानांनी हात पुसले आणि म्हणाले की गाडीत आता काहीही दोष उरलेला नाही. 'गाडीत' या शब्दावर जोर होता.

मी एकटी जळगावला निघाले. गाव मागे पडलं आणि पहिल्याच खड्ड्यावर जीपने असा काही धुमाकूळ घातला की माझी वेणी सुटली.

पुन्हा नशिराबाद. नानांनी टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे केले, चाकांची बेअरिंगं आवळली, पुन्हा भरल्या गाडीने ट्रायल मारली, पुन्हा लोणी. पुन्हा मी एकटी, पुन्हा तमाशा. तिसऱ्या खेपेला नाना मला सरळ म्हणाले की बाई, तुम्ही गाडीला घाबरता आणि गाडीला ते कळतं. मी म्हटलं, नाना, मी कलेक्टरला घाबरत नाही. ते म्हणाले, कलेक्टरला चाकं नसतात.

खोटं कशाला बोलू, मीही चळले. सकाळी आडावर जाऊन मनगटांच्या व्यायामासाठी बादल्या ओढायला लागले. स्टेअरिंग असं घट्ट धरायला लागले की बोटं पांढरी पडायची. जितकं घट्ट धरावं तितकी जीप जास्त नाचायची. सभा जवळ येत होती आणि भाऊंनी एका ड्रायव्हरशी बोलणंही सुरू केलं होतं.

मग एरंडोलकडची एक बैठक झाली. नेहमीसारखीच. जाताना जीप भरलेली, मागे कार्यकर्ते, पत्रकांचे गठ्ठे, लाऊडस्पीकरचे भोंगे, बॅटरी. चालवायला भाऊ. बैठकीनंतर पुढारी मंडळी पुढच्या गावी मुक्कामाला, जेवायला, बोलायला, डावपेच ठरवायला. भोंगे गावातल्या माणसाकडे ठेवले, पत्रकं वाटून संपली, आणि रिकामी जीप परत न्यायला मी. सोबत अक्का, कारण त्यांची कंबर दुखत होती.

रस्त्यात कापूस वेचून परतणाऱ्या बायका हात करत उभ्या होत्या. डोक्यावर गाठोडी. मी थांबवली. बायका आणि गाठोडी अशी मागे कोंबली गेली की कुठे बाई संपते आणि कुठे कापूस सुरू होतो ते कळेना. निघाले. वेग घेतला. खड्डा आला. मी दात आवळले.

काही नाही.

दुसरा खड्डा. काही नाही. बायका मागे हसत होत्या, मी मुद्दाम तिसऱ्या खड्ड्यावर घातली तर त्या सगळ्या उडाल्या आणि आणखी हसल्या, पण स्टेअरिंग माझ्या हातात झोपलेल्या पोरासारखं गप्प. मला वाटलं बादल्यांचा गुण आला.

त्यांचं गाव आलं. बायका उतरल्या, गाठोडी उतरली, अक्कांना आशीर्वाद मागून गेल्या. आम्ही निघालो, वेग घेतला, आणि पुलाच्या अलीकडे जीपने तोच जुना नाच सुरू केला. मी पाय उचलून बाजूला घेतली. अक्का डॅशबोर्ड धरून बसल्या होत्या. धापा टाकत म्हणाल्या, "बाया बशेल व्हत्यात तवय गप व्हती. बाया उतरन्यात आन् हाई नाचाले लागनी."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग स्टेअरिंगवर दोन्ही हातांनी बडवत ओरडले. अक्कांना वाटलं मला काही झालं.

झालं होतं ते असं. आजवर जेव्हा जेव्हा जीप भरलेली होती तेव्हा भाऊ चालवत होते. जेव्हा जेव्हा रिकामी होती तेव्हा मी. सभेला नेणार ते, सभेहून आणणार मी. भोंगे पोचवून रिकामी परत, मंडपाचं कापड टाकून रिकामी परत, पुढाऱ्यांना सोडून रिकामी परत. भाऊंनी ती जीप रिकामी कधी चालवलीच नव्हती. मी भरलेली कधी चालवली नव्हती. आणि नानांची ट्रायल तर नेहमीच वरातीसारखी. भरलेली जीप पुरुष नेतात आणि रिकामी बाई परत आणते, असा आमच्या चळवळीचा अलिखित नियम होता, आणि त्या नियमाने सगळा पुरावा माझ्याविरुद्ध गोळा करून ठेवला होता.

अक्का खाली उतरल्या, चार पावलं लांब जाऊन जीपकडे आडव्या बाजूने बघायला लागल्या. म्हणाल्या, कोंबडी दाणे टिपते तशी दिसते. मीही उतरून पाहिलं. खरंच. मागचं बूड वर, नाक खाली. आणि मला आठवलं. उन्हाळ्यात समितीने मागच्या स्प्रिंगांचे पाटे वाढवून घेतले होते. गर्दी बसली की जीप मागे बसते, खालून घासते अशी तक्रार होती, म्हणून केळी वाहणारे जीपवाले करतात तसे मागच्या कमानीत जादा पाटे टाकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवून मंजूर केलेलं काम. भरली की जीप समतल. रिकामी झाली की मागून उचललेली.

सायकल आठवा. तिचा पुढचा चिमटा जरा तिरका असतो, खालचं टोक पुढे. म्हणून हात सोडले तरी चाक आपोआप सरळ राहतं. तिचं मागचं चाक कुणी उचलून धरलं तर तो चिमटा सरळसोट उभा राहील आणि पुढचं चाक भरकटायला लागेल. जीपच्या पुढच्या चाकांनाही तसाच तिरकेपणा दिलेला असतो. आम्ही मागून उचलून तो काढून टाकला होता. वर नाचून नाचून किंगपिन पुन्हा जरा ढिले, आणि पुढे रस्त्यात खड्डे. मग काय होणार. गाणी म्हणा नाहीतर आरती म्हणा.

मी समितीसमोर उभी राहिले आणि एकच मागणी ठेवली. भाऊंनी जीप रिकामी चालवावी. नशिराबादच्या रस्त्यावर, माझ्यासमोर.

भाऊ हो म्हणाले. ते कशालाच नाही म्हणत नसत, हा त्यांचा गुण. पण कचेरीच्या दारात जीप उभी राहताच सगळी समिती मागे चढली, साक्षीदार म्हणून. मी सगळ्यांना खाली उतरवलं. एकेक करून, हात जोडून, धमक्या देऊन. एक जण म्हणाला की मी बारीक आहे, माझं काय वजन. त्यालाही उतरवलं. शेवटी पुढे भाऊ आणि मी, मागे पत्र्याच्या बाकांशिवाय काही नाही.

गाव सुटलं. भाऊ ताठ बसले होते, दोन्ही हात घड्याळातल्या दहा आणि दोनवर, वर्गात उभे असल्यासारखे. वेग घेतला. मी खड्डा बोटाने दाखवला. त्यांनी त्यावरून नेली.

ते सगळं वर्णन करायला मला अजून आवडतं. आधी स्टेअरिंग थरथरलं. भाऊंनी पकड आवळली. मग जीप नाचली. चष्मा नाकावरून घसरला, ओठांवर थांबला, मांडीवर पडून खाली गेला. टोपी कलंडली. भाऊ काहीतरी बोलत होते पण फक्त अ-अ-अ-अ असं येत होतं. मी म्हटलं, "भाऊ, पाय उचला." त्यांनी उचलला. जीप गप्प झाली. आम्ही कडेला थांबलो.

बोलायला मी पूर्ण तयार होते. मनगट, पकड, कमीपणा, समानतेचा परिच्छेद, सगळे मुद्दे क्रमाने. पण भाऊ टोपी सरळ न करता स्वतःच्या मनगटांकडे बघत होते, आणि मला हसू आलं. आवरेना. मी दारावर डोकं टेकवून हसत होते.

"हे दर वेळी होतं?" भाऊंनी विचारलं.

"रिकामी असली की दर वेळी."

त्यांनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, "आणि तू दर वेळी रिकामीच आणतेस."

"हो."

ते चष्मा शोधायला वाकले, आणि वाकल्यावाकल्या त्यांचे खांदे हलायला लागले. तेही हसत होते. तसे भाऊ मी आधी पाहिले नव्हते.

नानांकडे गेलो तर नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होतो. या तिरकेपणाला कास्टर म्हणतात, म्हणाले. कास्टर हा शब्द त्यांनी त्याआधी एकदाही उच्चारला नव्हता, पण मी भांडले नाही. मला भांडायला वेळ नव्हता. मागच्या कमानीतले जादा पाटे काढायचे की ठेवायचे यावर समितीत दोन तट पडले, कारण सभेला जीप भरलेली जाणार. शेवटी काही काढले, काही ठेवले. पुढच्या चाकांच्या दांड्याखाली, दांडा आणि पाट्यांच्या मध्ये, नानांनी लोखंडाच्या पाचरी बसवल्या, जाड बाजू पुढे, म्हणजे दांडा वरून थोडा मागे झुकला. तो झुकला की चाकांना तिरकेपणा परत मिळाला. किंगपिन पुन्हा आवळले, काट्याने ओढून पाहिले.

ट्रायलला मी निघाले तेव्हा वेल्डिंगवाला, पंक्चरवाला, चहावाला सगळे चढायला आले. मी कुणालाही चढू दिलं नाही. एसटीची वाट बघणाऱ्यांनी मला बरंच काही ऐकवलं. नानाही नाराज झाले. त्यांच्या गॅरेजातून कुठलीच गाडी अशी उदास निघाली नव्हती, म्हणाले.

मी एकटी, मागे काहीही नाही. खड्डा. धप्प. सरळ. पुढे जाऊन वळवली, पुन्हा त्याच खड्ड्यावर. धप्प. सरळ. पुन्हा वळवली. शेतातला एक माणूस काम थांबवून माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल की त्या खड्ड्यात माझं काही हरवलंय. मी क्षणभर दोन्ही हात सोडले आणि जीप नाकासमोर चालत राहिली, आणि मी मोठ्याने गाणं म्हणायला लागले. म्हटलंच ना, मी म्हणते.

समितीने ड्रायव्हरचा ठराव मागे घेतला. इतिवृत्तात तांत्रिक कारण असं लिहिलं. मी 'तांत्रिक' या शब्दाला लेखी हरकत नोंदवली.

शिंदखेड्याच्या सभेच्या सकाळी जीप गच्च भरली. बायका, गठ्ठे, भोंगे, बॅटरी. भाऊ सवयीने चालवणाऱ्याच्या दाराशी आले. मी आधीच बसले होते. ते म्हणाले, भरलेली मी नेतो, येताना तू. आणि तिथेच थांबले. स्वतःचंच वाक्य त्यांना ऐकू आलं असावं.

अक्का पुढून म्हणाल्या, "आज मांगे बस भाऊ. मांगे भी जागा शे."

जागा नव्हती. भाऊ पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसले, मांडीवर भोंगा घेऊन. लांबच्या रस्त्यावर भरलेली जीप वेगळीच असते, हे मला त्या दिवशी कळलं. ब्रेक आधीपासून दाबावा लागतो, चढावर दम लागतो, आणि मागून इतकी बडबड येते की रस्ता छोटा होतो. धुळ्यानंतर भाऊ हळू चालव म्हणून ओरडत होते. बायका त्यांना सांगत होत्या की भोंगा हातात आहे तर त्यातून ओरडा.

सभा चांगली झाली. पण मला सांगायचं आहे ते सभेनंतरचं. भोंगे आणि बॅटरी धुळ्याला परत करायची होती आणि जीप रिकामी शिंदखेड्याला परत आणायची होती. लोक अंगणात गोल करून बसले होते, भाकरी-पिठलं येत होतं, पुढचा मोर्चा कुठे आणि कोण नेणार यावर बोलणं सुरू झालं होतं. हे बोलणं मी आजवर कधीच ऐकलं नव्हतं. त्या वेळी मी नेहमी रस्त्यावर असायचे. मी सवयीने उठले, खिशातून किल्ली काढली.

भाऊ समोर येऊन उभे राहिले, हात पुढे केला. म्हणाले, भोंगे मी देऊन येतो, तू बस.

किल्लीसाठी मी एवढं भांडले होते की बोटं सुटेनात. अक्कांनी गोलात सरकून जागा केली. दोन बायका माझ्याकडे बघत होत्या, कारण मोर्चा त्यांच्या गावाकडून निघावा असं त्यांना वाटत होतं आणि ते कुणी तरी ठासून सांगायला हवं होतं.

मी किल्ली दिली. आधी मात्र उद्या सकाळी निघताना ती माझ्याकडे परत येईल आणि जीप भरलेली असेल, हे सगळ्यांसमोर त्यांच्याकडून वदवून घेतलं. मग जाऊन बसले, भाकरी घेतली आणि पहिल्या सूचनेलाच विरोध केला.